साठचा आकडा

लातूर जिल्हा झाला, पण कार्यालयांना जागा मिळेनात. त्यामुळे दुष्काळी कामांचं एक कार्यालय अडत दुकानाच्या माडीवर थाटलं गेलं. खाली तूर, वर सरकार. माडीच्या जुन्या कागदात स्लॅबच्या भारापुढे नुसतंच ‘६०’ लिहिलेलं होतं. उपअभियंता भीमाशंकर मीटर-किलोच्या मापांत शिकलेले. त्यांनी साठपुढे स्वच्छ अक्षरात ‘किलो, चौरस मीटरला’ असं लिहिलं, आणि मग स्वतःच ते वाचून घाबरले.

दुसऱ्या दिवशी फरशीवर खडूने मीटर-मीटरचे चौकोन आखले गेले. एका चौकोनात साठ किलो, जास्त नाही. अडतीच्या काट्यावर सगळ्यांची वजनं झाली. हेडक्लार्क मलप्पा ब्याण्णव भरले.

"काटा तुरीचा हाय, साहेब," मलप्पा म्हणाले. "माणसाचं बारदान वजा करा की."

बारदान वजा झालं नाही. मलप्पांनी दोन चौकोनांत एकेक पाय ठेवून बसावं, असा लेखी आदेश निघाला. खरी अडचण कपाटाची होती. अर्जांचं लोखंडी कपाट एकटंच चौकोनाच्या साठ किलोंबाहेर जाणारं. त्याच्याजवळ जायला बंदी झाली. ते खाली न्यायचं, तर उचलायला चार माणसं हवीत, आणि चार माणसं अधिक कपाट हे गणित कुठल्याच चौकोनात बसेना.

त्याच कपाटात केवळाबाईचा अर्ज होता. रेणापूरकडच्या तिच्या गावात पाझर तलावाचं काम सुरू व्हायचं होतं, आणि चाळीस बाया महिनाभर रिकाम्या बसून होत्या. तीन खेपा वाया गेल्यावर चौथ्या खेपेला ती सगळ्याच बायांना घेऊन आली. बाया रस्त्यावर बसल्या, ती जिन्यात उभी राहिली.

"माझा कागद काढा की, साहेब."

"कपाटाचा चौकोन भरलाय, बाई."

"मग मी काढते. माझं वजन करा."

वजन झालं. अडतीस किलो.

"तरीही बसत नाही," भीमाशंकर आकडेमोड करून हळहळले.

"आमच्या दोन बाया एकीकडं अन् हे मालक एकीकडं घाला," केवळाबाईने मलप्पांकडे बोट केलं. "तरी आमचंच पारडं वर जाईल. अन् स्लॅबला भ्याव आमचं!"

खाली अडतीत पेपर वाचत बसलेल्या सिद्रामप्पांच्या कानावर हे गेलं. ते निवृत्त ओव्हरसियर. तीस वर्षांपूर्वी हा स्लॅब त्यांनीच ओतला होता. काठी टेकत ते वर आले आणि चौकोन तुडवत थेट टेबलापाशी उभे राहिले.

"ही लंगडी कुणी आखली?"

"स्लॅबला साठच झेपतं, आप्पा."

"साठ काय? आंबे?"

"किलो. मीटरला."

"अहो, मी ओतला तवा मीटर हिकडं यायचा होता! साठ पौंड, फुटाला."

"मग तसं लिहिलं का नाही?"

"दुसरं होतं काय तवा, लिवायला?"

भीमाशंकरांनी मान खाली घालून हिशेब केला. मीटरला दोनशे त्र्याण्णव किलो. मलप्पांनी लगेच दोन्ही पाय एका चौकोनात घेतले. कपाट उघडलं, अर्ज निघाला. ओशाळलेल्या भीमाशंकरांनी तिथल्या तिथे मंजुरी लिहायला घेतली. या वेळी मोजमापात चूक नको, म्हणून मंजुरीसोबतच्या रोजच्या कामाच्या जुन्या तक्त्यातला ‘फूट’ खोडून त्यांनी स्वच्छ अक्षरात ‘मीटर’ केला.

"आप्पा, वाचा की जरा," केवळाबाई म्हणाली.

"माणशी रोज खोदाई, पन्नास घनमीटर," सिद्रामप्पांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "व्हतं पन्नास घनफूट."

"मग? किती वाढलं?"

"पस्तीस पट. महिन्याभराचा खड्डा एका दिसात."

केवळाबाई मागे वळली. जिन्यापाशी जाऊन तिने खाली हाक दिली, "सरजाबाई, समद्याजणी वर या गं!"

चाळीस बाया वर आल्या आणि चौकोनाचौकोनांत मांडी घालून बसल्या. भीमाशंकरांनी सवयीने फरशीकडे पाहिलं.

"भिऊ नका, साहेब. धरतोय स्लॅब," केवळाबाई म्हणाली. "तुम्ही फूट लिवा. तवर आमी हाव हितंच."

मलप्पांनी गुपचूप खुर्ची सरकवली आणि मागून आलेल्या दोघींना एक अख्खा चौकोन मोकळा करून दिला.