रशीदचाचांची चुन्याची निवळी

रशीदचाचांकडे पाहुण्यापुढे चहाच्या आधी दोन ग्लास येतात. दोन्हींत काळी माती, आदल्या दिवशी टाकलेली. एकात साधं पाणी. ते गढूळच राहतं. दुसऱ्यात चुन्याची निवळी. तिच्यात माती गोळा होऊन तळाशी बसते आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. एकदा वीजबिल वाटणाऱ्याने तो स्वच्छ ग्लास तोंडाला लावला.

"ओ सायेब, पिऊ नका की! प्रयोग हाय त्यो!"

त्याला चहा मिळाला, पण माती का फुगते हे ऐकून झाल्यावर.

चाचा रस्त्यांची माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. ठेकेदार निकाल जरा सैल करायला सांगत. चाचा म्हणत, "मातीला विचारा. ती व्हय म्हणली तर लिवतो." त्यांनी आकडा कधी बदलला नाही. बढती मिळाली नाही, बदल्या मिळाल्या. वैराग, मंगळवेढा, मैंदर्गी.

सोलापुरातली आमची वसाहत काळ्या मातीवर आहे. पावसात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना भेगा जातात. आम्ही पुट्टी भरतो आणि विषय सोडून देतो. चुन्याने माती फुगायची थांबते म्हणून चाचांनी घराच्या पायाच्या कडेने हात-हात खोल भोकं पाडली आणि वर्षभर त्यांत निवळी ओतली. चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी असं जिरताना पाहून शेजारी वैतागत.

"चाचा, निदान झाडं तरी लावा!"

"माती लई हट्टी. कबूल व्हायला टाइम लागतोय."

त्यांचा मुलगा सलीम पुण्यात असतो. त्याला हे घर विकून आईवडिलांना नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. चाचांनी एका पावसाळ्याची मुदत मागितली. जूनमध्ये मोठ्या भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवून त्यांनी तिच्यावर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकणार. टिकली तर घर राहणार. सलीमने फोटो काढून घेतला.

दिवाळीला तो यायच्या आदल्या दिवशी पेपरातलं माझं काम आटोपून मी चाचांकडे गेलो. ते स्टुलावर उभे होते. खाली जुनी काच, दोन तुकडे. भिंतीवर नवी काच, आणि तिच्यावर ते जूनची तारीख लिहीत होते.

"केसाएवढीच हलली," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "चुना आत्ता कुटं पोचायला लागलाय."

तेवढ्यात चाची स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. भिंतीला हात न लावता त्या अंगणाच्या दोन पायऱ्या उतरल्या, रांजणातून तांब्या भरला आणि परत वर चढल्या.

"कोण आलंय? पेपरवाले का? चहा टाकते."

त्या आत गेल्यावर चाचा हळू आवाजात बोलले. "पुण्याला आठ दिवस नेलं हुतं. खाटेवरनं उठली न्हाय. पाणीसुदा मागून पीत हुती."

मग सलीमने जूनमध्ये काढलेला काचेचा फोटो त्यांनी मोबाइलवर उघडून माझ्या हातात दिला. "पेपरवाले, बगा की. जमलंय का?"

मी फोटो पाहिला, काच पाहिली. सहाचा आकडा जरा बारीक झाला होता. तसं मी सांगितलं, आणि स्टूल धरून उभा राहिलो.