सौम्य विसराची गोळी

माणसाला काय आठवत नाही हे ठरवण्याचा अधिकार, ज्याला ते आधीपासून माहीत असतं त्यालाच असतो. यालाच संशोधन म्हणतात.

शहाण्णव साली मिरजेच्या एका दवाखान्यात सौम्य अल्झायमरवर नव्या गोळीचं संशोधन निघालं. आमच्या सासूबाई, साळूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणे), आमटीत दोनदा मीठ घालू लागल्या होत्या. मी मॅट्रिक, म्हणजे घरातली शास्त्रज्ञ. सांगलीहून त्यांना घेऊन मीच गेले. सोबत मामंजी, फौजेतून निवृत्त. गोळी फक्त सौम्य रोग्यांना मिळणार होती, आणि आम्हाला ती हवीच होती.

प्रश्नावली परदेशातून आलेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मालकांचं नाव काय?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं, हे बसल्यात की शेजारी. त्यास्नीच इचारा."

"तुम्ही सांगायचं."

"धन्याचं नाव तोंडानं घेत्यात व्हय? लाज न्हाई वाटत, एवढं शिकलायसा ते?"

डॉक्टरांनी शून्य दिलं. (मामंजींचं नाव लालासाहेब. त्यामुळे लाल रंगालासुद्धा आत्याबाई 'कुंकवाचा' म्हणत. तिथंही शून्य.) लाजण्याला गुण नव्हते.

शास्त्र मात्र अडत नाही. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या एकाही म्हातारीला नवऱ्याचं नाव आठवेना. पुरुषांना बायकांची नावं पटापट आठवली (दोघांनी शेजारणीची सांगितली, तीही धरली). त्यावरून समितीनं ठरवलं की नवऱ्याचा विसर हेच या रोगाचं पहिलं, सौम्य लक्षण. तेव्हा आत्याबाई सौम्य रोग्यांत बसल्या.

निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, हे खुद्द डॉक्टरांनाही ठाऊक नसे. आमच्याकडं याला नशीब म्हणतात, तिकडं पद्धत म्हणतात. मी मात्र खरी समजून गोळी रोज दुधाबरोबर देत होते आणि गुण येतोय असं गल्लीभर सांगत होते.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न झाला.

"लालासाहेब," आत्याबाई खणखणीत म्हणाल्या. पदर जागचा हलला नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले. नर्सबाई धावत आल्या. पहिली टाळी मी वाजवली, मॅट्रिक होते ना. मामंजींच्या डोळ्यांना पाणी आलं, ते आनंदाचं म्हणून नोंदलं गेलं.

"लय गुणाचा माणूस," आत्याबाई डॉक्टरांना सांगू लागल्या. "फौजंत हाय. तुमी वळखता का त्यास्नी?" मग शेजारी बघून मला हळूच म्हणाल्या, "ह्ये म्हातारबाबा कोण गं बाई? कवाधरनं रडायलेत. च्या तरी दे की त्यास्नी."

मामंजींनी चहा घेतला. अहवालात 'लक्षणीय सुधारणा' अशी नोंद झाली.

आता तुम्ही साऱ्याजणी नवऱ्याचं नाव खाडकन घेता, चारचौघांत एकेरीत हाकही मारता. शास्त्राच्या दृष्टीनं तुम्ही ठणठणीत आहात. बाकीची तपासणी शेजारी बसलेला माणूस करीलच.