एलोइसाबाईच्या कपाळावरची राख

एलोइसाबाईला दार वाजवायचं ठाऊकच नव्हतं. मागच्या दारानं सरळ आत यायची, डोईवरचं बर्फ झटकायची अन् माझ्या गॅसवरच्या पातेल्याचं झाकन उचलायची. बोटानं चाखायची अन् म्हनायची, "पोब्रेसिता!" म्हंजी बिचारी गं तू! मिरची कमी पडली की मी बिचारी. सातारची बाई मी, मला मिरची शिकवत व्हती!

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेलं व्हतं. माझा पोरगा अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात डाक्टर. गाव पाच-पन्नास मातीच्या घरांचं, समदी स्पॅनिश बोलनारी. पोरगा-सून सकाळी गाडी घेऊन जायची. मग मी अन् भिंती. अन् दहाच्या ठोक्याला शेजारची एलोइसा.

तिला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश. तरी बोलायचो भरपूर. ती तिच्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या द्यायची, मी माझ्या. नवऱ्याला दिलेल्या शिव्या कुठल्याबी भाषेत कळत्यात.

थंडी सरता सरता एक दिवस ती आली ती कपाळाला काळं लावून. मला वाटलं, चूल फुंकताना काजळी लागली. "अगं, आरशात तरी बघायचं!" म्हनत मी पदर ओला केला अन् खसाखसा पुसून टाकलं.

ती किंचाळली. कपाळ दाबून धरत निघून गेली.

सांजच्याला सून म्हनली, "अहो आई, आज त्यांचा फास्ट होता! चर्चमध्ये फादर लावतात ती राख. आपल्या अंगाऱ्यासारखी. तुम्ही पुसलीत?"

चार दिवस ती फिरकली नाही. नवरा गेला तवा मी रडले नाही. दुष्काळात खडी फोडली, तवाबी नाही. पन ते चार दिवस घास उतरंना.

पाचव्या दिवशी बर्फातनं एकटीच तिच्या घरी गेले. आत पाच खाटा, पाचींवर गोधड्या, एक सुरकुती नाही. तिची पाची पोरं शहराला गेलेली, वर्सानुवर्सं येत नव्हती. ही उशी झटकत उभी. मला बघून तोंड फिरवलं.

मी तिच्या चुलीतली चिमूटभर राख तळहातावर घेतली. कपाळ पुढं केलं. "लाव बाई. चुकले मी."

ती वळली. मग डोळं पुसत हसली, अंगठा राखेत बुडवला अन् माझ्या कपाळावर उभी-आडवी रेघ ओढली. नवरा गेल्यापासनं तिथं कुनी बोट लावलं नव्हतं.

मग हाताला धरून तिनं मला एका खाटेवर बसवलं, शेजारी आपन बसली. गोधडी पार चुरगळली. तिनं ती नीट केली नाही.