कपाळाची हद्द

माणसाचं कपाळ कुठं संपतं आणि डोकं कुठं सुरू होतं, हा प्रश्न मुळात महसुली आहे. सातारा-सांगलीकडं तो पिढ्यानपिढ्या उपस्थित झाला नाही, याचं श्रेय पटक्याला दिलं पाहिजे. हद्दीवरच पटका बसल्यामुळं वादाला जागा नव्हती. कडेगावजवळच्या एका गावात चारेकशे पुरुष होते आणि त्या सगळ्यांची कपाळं एकट्या न्हाव्याला ठाऊक होती. (तो सज्जन होता. सगळ्यांविषयी बोलायचा, पण भुवईच्या वर कधी गेला नाही.)

पुढं सत्तर सालानंतर पोरं सांगलीला नोकरीला गेली, पटके खुंटीला लागले आणि हद्दी उघड्या पडल्या. तात्याबांचा लालासाहेब तिथल्या एका कचेरीत कारकून झाला. त्या दिवसांत कपाळावर झुलपं सोडायची फॅशन होती. लालासाहेबानंही सोडून पाहिली. पण त्याचे केस जन्मापासूनच इतक्या वरून निघायचे की झुलूप निम्म्या वाटेतच दमायचं. टक्कल म्हणावं तर केस भरघोस होते. कपाळच तेवढं ऐसपैस होतं. अशात त्यानं एका साप्ताहिकात वाचलं की मुंबईचा कुणी डॉक्टर डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढं लावतो. दिवाळीनंतर तासगावला सुला नावाच्या मुलीला बघायला जायचं ठरलं होतं. औंधच्या यमाईच्या जत्रेत त्यानं तिला लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्याला दुसरी मुलगी नको होती. नकार आला तर तो कपाळामुळंच येणार, याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती.

रजेवर घरी येऊन त्यानं विषय काढला. तात्याबांची हयात उसात गेलेली. त्यांनी प्रस्तावाची रीतसर छाननी केली.

"म्हंजी बेनं घरचंच?"

"व्हय आबा."

"ते बरं हाय. भायेरचं बेनं रोग आनतं. पर लावन आडसाली का सुरू? दीड वर्साची का वर्साची?"

लालासाहेबानं साप्ताहिक काढून पुन्हा चाळलं.

"आन् मागचं रान पडीक ऱ्हानार त्येचं काय? तोडल्या बुडख्यातनं खोडवा फुटंल का न्हाई?"

साप्ताहिकात खोडव्याचा उल्लेख नव्हता. एवढी साधी माहिती न देणारा डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचा नसावा, असं तात्याबांचं मत पडलं.

आई रंगूबाईची हरकत मात्र कायदेशीर होती. "सटवाईनं पाचवीला कपाळावर लिवून ठेवलंय. त्येच्यावर केस लावलं तर फुडचं वाचायचं कुनी?"

दप्तरावर पीक घेता येत नाही, हे कारकून असल्यामुळं लालासाहेबाला मान्य करावं लागलं.

"त्यापरास पटका बांद की रं," तात्याबा म्हणाले.

"आबा, आता पटका कोन बांदतं?"

"ज्यास्नी झाकायचं असतंय ते समदेच."

शेवटी आधी तासगाव आणि मग मुंबई, असं ठरलं.

मुलगी बघण्याची आपली पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मुलाकडचे मुलीला चालवून बघतात, बोलवून बघतात, सुईत दोरा ओवायला लावून बघतात. मुलीनं मान खाली घालून बसायचं असतं. म्हणजे तिला जन्माचा जोडीदार गुडघ्याखालचं बघून निवडता येतो. लालासाहेबानं तेल चोपडून सगळे केस पुढं चिकटवले होते आणि ते हलू नयेत म्हणून तो मानच हलवत नव्हता. कुणी हाक मारली की अख्खा वळायचा. पोराच्या मानेला करट झालंय, असं तासगावकर धरून चालले.

आठवड्याभरानं सुलाची आत्या राहीबाई निरोप घेऊन आली. "आवं पावनं, पोरगी व्हय म्हनती."

लालासाहेबाला राहवेना. "आन् कपाळाचं काय म्हनली?"

"कुनाच्या कपाळाचं?" राहीबाई म्हणाली. "तिनं तुमचं पाय बघितलं. नखं कशीबी कापल्याली, टाचंला ह्या भेगा. म्हनली, ह्येंच्याकडं बघनारं कुनी दिसत न्हाई. मी बघीन."

इतकी वर्षं त्याच्याकडं बघत आलेली रंगूबाई तडक चहा ठेवायला आत गेली.

लालासाहेबाला फार आनंद झाला. थोडा रागही आला, कारण ज्या कपाळापायी झोप उडाली होती ते कुणी बघितलंच नव्हतं. लग्नात बाशिंगानं हद्द झाकली आणि मुंबईचा बेत बारगळला. तेव्हापासून मात्र तो कचेरीत भर उन्हाळ्यात मोजे घालून बसू लागला आणि टाचांचा डॉक्टर कुठं असतो याची चौकशी करू लागला.

वाचकांनी त्याला खुशाल हसावं. मात्र मघापासून कपाळावर ठेवलेला हात आता खाली घ्यायला हरकत नाही. आणि खुर्चीखाली ओढून घेतलेले पायही बाहेर काढावेत. ज्यांनी बघायचे, त्यांनी ते केव्हाच बघितले आहेत.