चांगल्याशी ताडून पाहू

सासूबाईंना दवाखान्यातून सोडल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्या फाटकासमोर पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर उघडाच होता, आणि तो बुजवायला आलेलं एक्स्कॅव्हेटर काठावर मान टाकून बसलं होतं. इंजिन सुरू व्हायचं, लाल दिवा लागायचा आणि इंजिन आपणहून बंद पडायचं.

"आम्ही तासाभरात निघतोय," बायको फोनवर म्हणाली. "आईला उजवा पाय टेकवायचा नाहीये. अँब्युलन्स थेट फाटकाला लागली पाहिजे. जमेल ना?"

"मी स्वतः उभा आहे इथे," जावई म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय."

जावई बांधकामाच्या अवजड यंत्रांचे बिघाड शोधायचा. लॅपटॉपची वायर इंजिनाला जोडून तो नाडी पाहिल्यासारखा डोळे मिटायचा, म्हणून कंपनीत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. सासरी मात्र हे नाव कोणी काढत नसे. सासऱ्यांना मुलीसाठी खराखुरा डॉक्टर हवा होता, त्यांनी तसा एक हेरूनही ठेवला होता, आणि तेवढ्यात मुलीनं हा आणला. तेव्हापासून ते त्याला मोठ्या आदरानं 'जावईबापू' म्हणत. त्या आदराला चांगली धार होती.

आज सासरे सकाळपासून फाटकात खुर्ची टाकून बसले होते. खुर्चीशेजारी त्यांनी बायकोची डाव्या पायातली चप्पल धुऊन, वाळवून ठेवली होती. एकच. दुसरीची सध्या गरज नव्हती.

जावयानं डोळे उघडले. "ऑइल प्रेशर सेन्सर. तेलाचा दाब ठीक आहे, पण हा खोटं सांगतोय."

"मग बदला की साहेब," ऑपरेटर म्हणाला.

"असे बदलत नसतात. आधी सिद्ध करायचं. चांगल्या मशीनचा काढून इथे लावायचा, इथला तिथे लावायचा. चांगल्याशी ताडून पाहायचं."

"आणि चांगली मशीन बिघडली तर?"

"चांगली कशी बिघडेल? ती चांगली आहे."

ऑपरेटर मशीनवरून उतरून सावलीत जाऊन बसला.

पलीकडच्या रस्त्यावर तसल्याच इंजिनाचा लोडर गुमान माती उचलत होता. जावयानं तो गल्लीत बोलावून घेतला आणि त्याच्या सेन्सरवरचा वायरीचा प्लग ओढला. प्लग घट्ट धरून ठेवणारी, उन्हानं कडक झालेली प्लास्टिकची खिट्टी कटकन तुटली. ती तुटल्याचं सगळ्यांना ऐकू आलं, एक जावई सोडून. लोडरचा सेन्सर त्यानं एक्स्कॅव्हेटरला लावला. लाल दिवा. एक्स्कॅव्हेटरचा लोडरला लावला. तिथेही लाल दिवा, आणि लोडरही बंद.

"दोन्ही सेन्सर खराब," जावयानं निदान सांगितलं.

"आत्ता तर माती उचलत होता तो," सासरे म्हणाले.

"दोष लपून असतो, बाबा."

"खरंय. आम्हालाही लग्नानंतरच कळला."

आता दोन खराब सेन्सरांचा निवाडा करायला तिसरा निरोगी सेन्सर हवा, हे ओघानंच आलं. तसलंच तिसरं इंजिन रोलरचं होतं. तो डुलत डुलत येऊन लोडरच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. त्याचा सेन्सर काढताच भोकातून गरम तेलाची धार जावयाच्या शर्टावर आली. भोकात बोळा कोंबून त्यानं तोही सेन्सर एक्स्कॅव्हेटरला लावून पाहिला. लाल दिवा.

"साथच आलीय म्हणायची," सासरे म्हणाले.

जावयानं तिन्ही सेन्सर काढले, कोणता कुठला ते कळावं म्हणून त्यांच्यावर खडूच्या खुणा केल्या, ते फाटकाच्या कट्ट्यावर ठेवले आणि तो शर्ट धुवायला आत गेला. कट्ट्यावरचा तो चिकट पसारा सासऱ्यांना बघवेना. त्यांनी फडकं आणलं आणि तिन्ही सेन्सर लख्ख पुसले. हात तेलकट झालेच होते म्हणून एक्स्कॅव्हेटरचा लोंबकळणारा प्लगही, आतबाहेर बोट घालून, चिखल काढून पुसला.

"बाबा! यांच्यावर खुणा होत्या!"

"खुणा? मला वाटलं मळ."

"आता कुठला कोणाचा, कसं कळणार?"

"तुमच्या मते तिन्ही खराबच आहेत ना? मग काय बिघडलं?"

जावयानं दात-ओठ खात हाताला लागेल तो सेन्सर एक्स्कॅव्हेटरला लावला. इंजिन सुरू झालं. दिवा लागला नाही. सगळे वाट पाहत राहिले, तरी लागला नाही.

"बघितलंत?" जावयानं लॅपटॉप ऐटीत मिटला. "याला पद्धत म्हणतात."

चर बुजला. माती दाबून सपाट झाली. ऑपरेटरनं फाटकापुढची जागा अशी काही चोपली की तिथं नवरीची गाडी उभी करावी. जावई कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्सचा भोंगा वाजला.

मध्ये रोलर होता. बोळ्यातून गळून गळून त्याच्यात तेल उरलं नव्हतं. रोलरपुढे लोडर होता. त्याला खिट्टी नव्हती.

"ढकल लोडर," जावई ऑपरेटरला म्हणाला.

"ढकलतो. आधी बाबांचं कुंपण जाईल, मग भिंत. चालेल?"

अखेर सासूबाई खुर्चीत बसून आल्या. एका बाजूनं रोलरवाला, दुसऱ्या बाजूनं लोडरवाला, मागे पिशव्या घेतलेली बायको. खुर्ची यंत्रांना घासत, तिरकी होत फाटकाशी टेकली. सासूबाईंनी समोरची सपाट जमीन पाहिली.

"रस्ता तर छान झालाय. मग मला उचलून का आणलं?"

सासरे चप्पल घेऊन वाकले आणि तसेच थांबले. उजव्या पायाला प्लास्टर होतं, आणि डाव्याला जाड बँडेज.

"हा पाय तर चांगला होता तुझा!"

"होता ना," सासूबाई म्हणाल्या. "निघता निघता मोठे डॉक्टर म्हणाले, दुखऱ्या पायाचा फोटो नीट कळत नाही, चांगल्याशी ताडून पाहू. चांगल्या पायाचा फोटो काढायला टेबलावर चढवलं. उतरताना तो मुरगळला."

सासऱ्यांनी चपलेकडे पाहिलं. मग त्यांनी मान वळवून एकामागे एक उभी असलेली तीन यंत्रं पाहिली, आणि शेवटी तेलकट शर्टातल्या जावयाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांच्या आवाजाला धार नव्हती.

"धरा खुर्ची, डॉक्टर," ते म्हणाले, आणि चप्पल घेऊन आत गेले.