एकोणीस दिवसांचे राज्यपाल

राज्यपाल-निवासाच्या दालनात लावायच्या नव्या पाटीवर नावं सतरा होती आणि मुदती अठरा. हेडक्लार्कनं तीनदा मोजलं, चष्मा पुसून चौथ्यांदा मोजलं. सकाळचे दहा वाजले होते. अकराला अनावरण होतं.

"पेंटर, हे काय करून ठेवलंत?"

"झकास झालीय ना? सोनेरी रंग आहे, पन्नास वर्षं हलायचा नाही," पेंटर ब्रश पुसत म्हणाला.

पेंटरची कामाची रीत ठरलेली. पहिल्या दिवशी जाड ब्रशनं सगळी नावं. ती वाळली की दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशनं सगळ्या तारखा. हेडक्लार्कनं पहिल्या राज्यपालांपासून आजपर्यंतची यादी त्याला स्वहस्ते लिहून दिली होती. त्यातले आकडे सुरेख होते. अक्षराबद्दल न बोललेलं बरं. त्याची बायको घरच्या सामानाची यादीसुद्धा त्याला लिहू देत नसे. पेंटरला एक नाव लागेल तर शपथ. पण विचारायचं कसं? म्हणून हा शहाणा दालनात गेला आणि भिंतीवरच्या राज्यपालांच्या फोटोंखालची नावं क्रमानं उतरवून आला. तारखा मात्र यादीतल्याच घेतल्या.

घोटाळा इथंच झाला. एका राज्यपालांचा फोटोच नव्हता. ते मूळचे न्यायाधीश. आधीचे राज्यपाल अचानक पद सोडून गेले, तेव्हा नवे येईपर्यंत एकोणीस दिवस यांनी कारभार पाहिला, आणि फोटोग्राफरची वेळ ठरायच्या आत ते घरीसुद्धा गेले. पाटीवर त्यांचं नाव गळलं, त्यांच्या तारखा राहिल्या, आणि तिथून खाली प्रत्येकाच्या वाट्याला वरच्याची मुदत आली. ज्यांनी सहा वर्षं राज्य गाजवलं, ज्यांचा चौकात पुतळा आहे, ते एकोणीस दिवसांत आटोपले. सध्याच्या राज्यपालबाईंची मुदत तर गेल्या वर्षीच संपली होती. सगळ्यात खाली गेल्या वर्षीपासून सुरू झालेली एक मुदत बिननावाची लोंबकळत होती.

"ही शेवटची ओळ रिकामी राहिली, तेव्हा तरी डोक्यात प्रकाश पडू नये?"

"मला वाटलं, पुढच्या साहेबांसाठी जागा धरलीय."

"पुसा सगळं!"

"पुसलं तर पॉलिशही निघेल. नव्यानं करायला दोन दिवस लागतील."

हेडक्लार्क मटकन खुर्चीत बसला. बाईसाहेबांची बोलणी त्यानं खाल्ली असती. त्याची त्याला सवय होती. पण आजचे पाहुणे तेच न्यायाधीश होते. वय वर्षं त्र्याण्णव. त्यांना बोलावण्यासाठी हेडक्लार्कनं सहा महिने वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. छत्तीस वर्षांपूर्वी त्याचे वडील, इथलेच माळी, वारले आणि त्याचा नोकरीचा अर्ज दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. त्या एकोणीस दिवसांत न्यायाधीशांनी त्यावर सही केली. आभार मानायला हा गेला, तोवर ते निघून गेले होते. आज त्यांना त्यांचं नाव दाखवायचं आणि राहिलेले आभार मानायचे, एवढीच त्याची इच्छा होती. आणि नेमकं तेच नाव नव्हतं!

तेवढ्यात आचारी दारात आला. "साहेब, दुपारचं जेवण नव्या राज्यपालांसाठी करायचं का?"

"कोण नवे राज्यपाल?"

"शिपाई पाटी बघून आला ना. म्हणाला, बाईसाहेबांची मुदत संपली. त्यांच्या यजमानांनी तर बॅगासुद्धा काढल्या. केव्हाचे वाट बघत होते बिचारे!"

"अहो, त्यांना थांबवा कुणीतरी!" हेडक्लार्क ओरडला, आणि बाहेर पाहुण्यांची गाडी थांबल्याचा आवाज झाला.

आता एकच उपाय होता. पडदा अर्धाच उघडायचा, टाळ्या वाजवायच्या आणि सगळ्यांना चहाकडे पिटाळायचं. पेंटरनं दोरीला गाठ मारून ठेवली. पण न्यायाधीशांनी दोन्ही हातांनी दोरी अशी काही ओढली की पडदा दांडीसकट खाली आला.

टाळ्या वाजल्या आणि मधेच विरल्या. बाईसाहेब स्वतःच्या नावासमोरची तारीख बघत राहिल्या. न्यायाधीश मात्र चष्मा चढवून, एकेका ओळीवर बोट धरून वाचत होते. एकोणीस दिवसांपाशी बोट थांबलं. मग ते डावीकडे सरकलं आणि तिथंच राहिलं.

हेडक्लार्कला राहवेना. तो पुढे होऊन त्यांच्या पायाशी वाकला. "साहेब, चूक माझी आहे. तुमच्या एका सहीवर माझं घर उभं राहिलं. दोन्ही मुली शिकल्या. आणि मला तुमचं नाव एका पाटीवर नीट लिहवून घेता आलं नाही!"

"माझी सही? कशावर?"

"माझ्या नोकरीच्या अर्जावर, साहेब. माळ्याचा मुलगा मी."

न्यायाधीशांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. "अरे, त्या एकोणीस दिवसांत मला कुणी धड फायलीसुद्धा दाखवायचं नाही. जो तो म्हणायचा, नवे साहेब आले की बघू. मी तर समजत होतो, आपण नुसती खुर्ची उबवून आलो." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "एक घर उभं राहिलं म्हणतोस? बाबा रे, फार बरं केलंस मला सांगितलंस. आभार मीच मानायला हवेत."

पेंटर चक्क शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

शेवटी बाईसाहेबच हसल्या. "पाटीप्रमाणे माझी मुदत संपलीय. शेवटची जागा रिकामी आहे. पेंटर, आहे का रंग? साहेबांचं नाव घाला तिथं. नवी पाटी होईपर्यंत हेच राज्यपाल."

पेंटरनं बैठक मारली. न्यायाधीशांनी आपलं नाव एकेक अक्षर करून सांगितलं आणि त्यानं ते जाड ब्रशनं, जीव ओतून लिहिलं. मग बारीक ब्रश उचलून त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, सुरुवातीची तारीख आहेच. शेवटची कोणती घालू?"

"ती राहू दे कोरी," न्यायाधीश घाईघाईनं म्हणाले. "मला काही घाई नाही."