नडगीचा नकाशा

"पाय हलवू नकोस. सीमारेषा थरथरते."

"थरथरणारच. गुदगुल्या होतात मला."

बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि पाय समोरच्या स्टुलावर होता. स्टुलापाशी त्यांचे यजमान बारीक टोकाचं निळं पेन घेऊन ओणवे झाले होते. जमीन मोजण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. बाईंनी तेवढीच वर्षं पोरांना पाढे शिकवले, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. घरात मोजणीदारही तेच म्हणत.

बाईंना स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. "डावी मुदतीआधी निवृत्त झाली, उजवी अजून सेवेत आहे," असं त्या चौकशीला येणाऱ्यांना सांगत आणि चौकशी करणारे पायपुसण्याकडे बघत बसत.

आता रोजच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांसोबतच्या कागदावर दुष्परिणामांची यादी इतकी लांब होती, की मोजणीदारांनी ती टेप लावून मोजली. बेचाळीस सेंटिमीटर भरली. सव्विसाव्या सेंटिमीटरवर लिहिलं होतं, त्वचेला जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणजे असं, की त्या गोळ्यांमुळे अंगातले पहारेकरी कमी होतात आणि साधं खरचटलं तरी जंतूंना मोकळं रान मिळतं. बाईंना खरचटलं ते खाटेच्या कोपऱ्याला. दोन दिवसांत नडगीवर लाल चट्टा उठला.

डॉक्टरांनी जंतूंवरच्या वेगळ्या गोळ्या दिल्या आणि नर्सनं चट्ट्याच्या कडेकडेनं पेनानं रेष ओढली.

"लाली या रेषेच्या आत राहिली तर ठीक. बाहेर गेली किंवा ताप आला, तर लगेच इकडे या. भरती करावं लागेल. रोज संध्याकाळी फोन करा."

'भरती' म्हटल्यावर बाईंना आधी स्वयंपाकघर आठवलं. त्या भरती झाल्या, की त्यांची नणंद घर सांभाळायला येणार होती. मागच्या खेपेला वन्संनी पाच दिवसांत स्वयंपाकघर असं काही लावलं, की बाईंना मीठ सापडायला पंधरा दिवस लागले. ते औषधांच्या कपाटात होतं. "मीठ औषधासारखंच खावं," असं वन्संचं म्हणणं पडलं.

"त्यापेक्षा कॅन्सर परवडला," बाई म्हणत, "तो निदान डबे हलवत नाही."

दुसऱ्या दिवशी आंघोळीत नर्सची रेष धुऊन गेली. तेव्हा मोजणीदारांनी पेन हाती घेतलं. नोकरीत ते एकच तत्त्व शिकले होते. नकाशा आणि जमीन जुळत नसेल तर चूक नकाशाची. नदीनं पात्र बदललं तर नदीला कोण समजावणार? नकाशा बदलायचा. त्यांनी चट्टा दिसला तशी त्याच्या कडेनं नवी रेष काढली. त्याच्या पुढच्या दिवशी लाली बोटभर बाहेर आलेली दिसली. मोजणीदारांनी स्पिरिटच्या बोळ्यानं जुनी रेष पुसली आणि नवी ओढली.

"आता जुळलं," ते समाधानानं म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"लाली बाहेर गेली का?" नर्सनं विचारलं.

"छे! तंतोतंत रेषेवर आहे."

चौथ्या दिवशी चट्टा घोट्याच्या दिशेनं चांगलाच लांबला होता. मोजणीदारांना ते वळण फार आवडलं.

"अहो, पाय गरम लागतोय," बाई म्हणाल्या. "आणि जड झालाय."

"रेषेच्या आत आहे ना?"

"आहे."

"मग?"

बाईंनी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या होत्या. उत्तर जुळावं म्हणून गणित फिरवणारी पोरं त्यांनी लांबून ओळखली असती. पण डोळ्यांपुढे वन्सं उभ्या होत्या. बाईंनी पाय पुन्हा स्टुलावर ठेवला.

त्या संध्याकाळी नर्सनं जरा वेगळं विचारलं. "जुन्या रेषेपासून लाली किती आत सरकलीय?"

"जुनी कुठली? ती रोज पुसतो ना मी."

नर्स हळूच म्हणाली, "काका, रेष रोज नवी काढता?"

"सकाळी नऊला. आपलं काम नेहमी अद्ययावत असतं."

"रिक्षा करा," नर्स म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "किती वाढलंय हे? काही अंदाज?"

मोजणीदारांनी मुकाट्यानं पिशवीतून वही काढली. रोजची रेष त्यांनी पातळ कागदावर उतरवून घेतली होती. प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, प्रमाण आणि बाण होता. बाणाखाली 'अंगठ्याची दिशा' असं लिहिलं होतं.

डॉक्टरांनी कागद एकावर एक ठेवले. "दुपटीच्या वर गेलंय."

"दोन पूर्णांक तीन दशांश पट," मोजणीदार म्हणाले. आकडा तोंडातून बाहेर पडला आणि मगच तो त्यांच्या डोक्यात शिरला.

"इतकं अचूक दुर्लक्ष मी आजवर बघितलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कॅन्सरच्या गोळ्या काही दिवस थांबवल्या आणि शिरेतून औषध सुरू केलं. "वही मात्र ठेवून जा. उपयोगाची आहे."

मोजणीदार पलंगाशी उभे राहून सलाइनचे थेंब मोजत होते. बाईंनी त्यांना जवळ बसवलं आणि पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "अहो, ती रेष चट्ट्यासाठी नव्हती, आपल्यासाठी होती. तिनं एका जागी थांबायचं, म्हणजे आपण पळायचं कधी ते कळतं. समजलं?"

"समजलं."

"मलाही आधीच समजलं होतं. मी बोलले नाही. निम्मे मार्क माझे कापा."

तेवढ्यात फोन वाजला. वन्सं निघाल्या होत्या.

बाई ताडकन उठून बसल्या. सलाइनची बाटली हिंदकळली. "घरी जा! प्रत्येक डब्याभोवती रेष ओढा. आणि या खेपेला रेष हलवायची नाही!"

"मेलो तरी नाही."

मोजणीदारांनी तेच पेन घेऊन चौदा डबे, तीन बरण्या आणि चहाची गाळणी आखून टाकली. "ताई, या रेषांबाहेर काही जाता कामा नये. डॉक्टरांचा हुकूम आहे," त्यांनी बहिणीला बजावलं.

मग रोज संध्याकाळी बाई पलंगावरून विचारत, "डबे?"

"तंतोतंत रेषेच्या आत."

पाचव्या दिवशी लाली निम्म्यावर आली आणि बाईंना घरी सोडलं. घरी येताच त्या लंगडत स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचा एकूण एक डबा निळ्या वर्तुळात उभा होता. बाईंना वन्संविषयी जन्मात पहिल्यांदा माया वाटली. सवयीनं, न बघताच, त्यांनी चहाच्या डब्याला हात घातला. हातात डाळ आली.

त्यांनी वाकून फळीचा वास घेतला. स्पिरिटचा वास येत होता.

"अगं, डबे सोयीनं लावले, तर रेषा जुळेनात," वन्सं दारातून म्हणाल्या. "मग केल्या दुरुस्त. नकाशाच चुकला होता."

मोजणीदार जवळ गेले, चष्मा लावला आणि एका वर्तुळावरून बोट फिरवलं. "ताई, काय सुबक काढलंस गं!"

बाईंनी दोघा भावंडांकडे आळीपाळीनं बघितलं. मीठ कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्या सरळ औषधांच्या कपाटाकडे गेल्या.

मीठ तिथंच होतं. भोवती निळी रेष होती.